विद्युतरोध आणि विद्युतशक्ती : दोन आकड्यांचे गणित

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनकडे जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकून डोंगरी-तारोडीच्या दिशेला लागतो, तेव्हा इमारतींची दाटी विरळ होत जाते. मिठागरे, वाड्या आणि सुटी सुटी घरे दिसू लागतात. अशा वस्तीत विजेच्या रोहित्रापासून शेवटच्या घरापर्यंत तार बरीच लांब न्यावी लागते. शिवाय समुद्र जवळ असल्याने हवेत खारटपणा असतो. या दोन्ही गोष्टींचा घरातल्या विजेशी जवळचा संबंध आहे.

तारोडीतील अशाच एखाद्या घराची कल्पना करावी. सकाळी गीझर सुरू होतो, त्याच वेळी कोणीतरी बादलीत पाणी तापवण्याचा रॉड लावतो. लगेच देवघरातला पिवळा दिवा मंदावतो आणि पंख्याची गती उतरते. दोन्ही उपकरणे बंद केली की दिवा पूर्ववत उजळतो. ‘व्होल्टेज डाऊन आहे’ असे म्हणून घरातील मंडळी विषय संपवतात. वास्तविक विषय येथूनच सुरू होतो. कमी झालेला दाब गेला कुठे? त्याच्याबरोबर किती शक्ती गेली? आणि ती जिथे गेली, त्या जागी काय घडत आहे? या प्रश्नांची उत्तरे दोनच मोजमापांतून मिळतात. एक विभवांतर, म्हणजे व्होल्ट. आणि दुसरे विद्युतधारा, म्हणजे अँपिअर.

या दोहोंचा भागाकार म्हणजे विद्युतरोध आणि गुणाकार म्हणजे विद्युतशक्ती. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम मिळतात, व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात. राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या विज्ञानात हे सूत्र प्रत्येकाने पाठ केलेले असते. परीक्षेनंतर त्याचा उपयोग मात्र फारच थोडे लोक करतात.

ओहमचा शोध

जर्मनीतील एर्लांगेन येथे १७८९ साली जन्मलेले गेऑर्ग झिमोन ओहम हे एका कुलूप बनविणाऱ्या कारागिराचे चिरंजीव. कोलोनच्या शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असताना त्यांनी तारांमधून वाहणाऱ्या विजेवर प्रयोग आरंभिले. व्होल्टाच्या विद्युत घटाचा दाब स्थिर राहत नसल्याने सुरुवातीला त्यांची मोजमापे जुळेनात. मग त्यांनी दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांपैकी एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून स्थिर दाब मिळविला आणि निरनिराळ्या लांबीच्या तारांमधील धारा मोजली. तापमान कायम असेल तर वाहकातील धारा ही त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या प्रमाणात बदलते, हा निष्कर्ष त्यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. मायदेशी त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र १८४१ साली त्यांना कोप्ली पदक दिले.

याच नियमाच्या जवळ इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश हे ओहमच्या जन्माआधीच पोहोचले होते. त्यांच्याकडे धारा मोजण्याचे यंत्र नव्हते. स्वतःच्या अंगाला बसणारा धक्का किती तीव्र आहे यावरून ते अंदाज बांधीत. त्यांनी हे काम प्रसिद्ध केले नाही. मॅक्सवेल यांनी त्यांची टिपणे संपादित करून १८७९ साली छापली तेव्हा ते जगाला कळले. आज दोन-चारशे रुपयांत लॅमिंग्टन रोडवर मिळणारा मल्टिमीटर हे काम विनाक्लेश करतो, ही विज्ञानाची मोठीच कृपा म्हणायची.

गणिताची दुसरी बाजू जेम्स ज्यूल यांची. मद्यनिर्मितीचा व्यवसाय असलेल्या घराण्यातील या संशोधकाने १८४० च्या सुमारास तार पाण्यात बुडवून तापमापकाने उष्णता मोजली. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, असे त्यांना आढळले. धारा दुप्पट झाली तर उष्णता चौपट होते. घरातील वायरिंगच्या दृष्टीने हे वाक्य ओहमच्या नियमाइतकेच महत्त्वाचे आहे.

दोन वाचनांवरून

आता पुन्हा त्या घराकडे वळू. गीझर आणि रॉड बंद असताना मीटरजवळ २३० व्होल्ट दाब दिसतो असे समजू. दोन्ही सुरू केल्यावर तो २१६ व्होल्टवर येतो आणि क्लॅम्प मीटर १४ अँपिअर धारा दाखवतो. म्हणजे १४ अँपिअर वाहू लागताच १४ व्होल्ट कमी झाले. १४ भागिले १४ बरोबर १. रोहित्रापासून मीटरपर्यंत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या वाटेचा एकूण रोध १ ओहम आहे. तारेला हात न लावता, खांबावर न चढता हा आकडा मिळाला.

शक्तीचा हिशेबही लगेच होतो. घराला मिळालेली शक्ती २१६ गुणिले १४, म्हणजे ३,०२४ वॅट. वाटेत खर्च झालेली शक्ती १४ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर, म्हणजे १९६ वॅट. दोन किलोवॅटचा गीझर आणि दीड किलोवॅटचा रॉड मिळून साडेतीन हजार वॅट अपेक्षित होते. ते न मिळण्याचे कारण उघड आहे. उपकरणावर छापलेले वॅट हे छापलेल्या व्होल्टसाठी असतात. दाब कमी झाला की धारा कमी होते आणि दोन्हींचा गुणाकार असलेली शक्ती दुहेरी मार खाते. तापणाऱ्या उपकरणांत शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. भारतात घरगुती पुरवठ्याचा प्रमाणित दाब २३० व्होल्ट असून त्यात दहा टक्के चढउतार गृहीत धरलेला आहे. दाब दहा टक्क्यांनी उतरून २०७ व्होल्ट झाला, तर दोन हजार वॅटचा गीझर १,६२० वॅटचाच उरतो. पंधरा लिटर पाण्याचे तापमान तीस अंशांनी वाढवायला जिथे सोळा मिनिटांच्या आत काम होई, तिथे साडेएकोणीस मिनिटे लागतात. विजेचे युनिट मात्र तेवढेच, साधारण अर्ध्या युनिटपेक्षा किंचित जास्त. दाब कमी असला की बिल कमी येते ही समजूत निदान गीझरच्या बाबतीत खरी नाही.

फ्रीजचा कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप यांची तऱ्हा निराळी. त्यांना ठरावीक यांत्रिक काम करायचेच असते. दाब उतरला की ते जास्त धारा ओढतात, त्यांची गुंडाळी तापते आणि वारंवार असे झाले तर जळते.

तार की सांधा?

वाटेचा रोध १ ओहम आहे एवढे कळले, तरी तो चांगला की वाईट हे तारेची लांबी आणि जाडी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. ॲल्युमिनियमच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.०२८ ओहम असतो, तांब्याच्या तारेचा सुमारे ०.०१७ ओहम. तार लांब झाली की रोध वाढतो, जाड झाली की कमी होतो. सहा चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार असेल आणि घर रोहित्रापासून १०७ मीटरवर असेल, तर जाण्या-येण्याची लांबी २१४ मीटर होते आणि रोध बरोबर १ ओहमच्या आसपास येतो. अशा घरात काही बिघडलेले नाही. तार लांब आहे किंवा बारीक आहे, एवढेच. तिची जाडी वाढवली की दिवा मंदावणार नाही.

पण तेच घर रोहित्रापासून तीसच मीटरवर असेल तर? जाण्या-येण्याच्या साठ मीटर तारेचा रोध ०.२८ ओहम असायला हवा. मोजमाप मात्र १ ओहम सांगते. उरलेले ०.७२ ओहम तारेत नाहीत. ते कुठल्या तरी सांध्यात, कटआऊटच्या पकडीत किंवा सैल झालेल्या स्क्रूखाली बसले आहेत. १४ अँपिअर वाहत असताना त्या जागी १४१ वॅट उष्णता निर्माण होते. लांब तारेत एवढीच उष्णता पडली असती तर वाऱ्याने ती निघून गेली असती. येथे ती बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडते.

किनाऱ्यालगतच्या गावांत या प्रश्नाला धार येते. खारट, दमट हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो, ॲल्युमिनियमवर पांढरट भुकटी जमते, लोखंडी स्क्रू गंजतात. तांबे आणि ॲल्युमिनियमची टोके थेट एकमेकांना पिळून जोडली असतील तर खाऱ्या ओलाव्यात तो सांधा अधिक लवकर खराब होतो. हे थर वीज नीट वाहू देत नाहीत. सांध्याचा रोध वाढतो, रोध वाढला की सांधा तापतो, तापल्याने धातू प्रसरण पावून पकड आणखी सैल होते आणि रोध पुन्हा वाढतो. हे चक्र महिनोन् महिने मूकपणे चालू राहते.

घरातल्या एका सॉकेटमागील सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर वाहू लागले, तर तिथे फक्त ५ व्होल्ट कमी होतात. २३० चे २२५ झाले हे कोणाच्याही लक्षात येत नाही. पण १० गुणिले ५ म्हणजे ५० वॅट उष्णता त्या एका बिंदूपाशी साठते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडील २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न धातूचा डाक वितळविते, हे लक्षात घेतले म्हणजे ५० वॅट किती झाले ते कळते. प्लॅस्टिकचे सॉकेट पिवळे पडते, मग तपकिरी होते, जळका वास येतो.

अशा वेळी एमसीबी का पडत नाही, असा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर त्याच गणितात आहे. एमसीबी धारेवर लक्ष ठेवते, रोधावर नाही. धारा १० अँपिअर आहे आणि एमसीबी १६ अँपिअरची आहे, तेव्हा तिच्या दृष्टीने सर्व आलबेल असते. आगीच्या बातम्यांत ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द सरसकट वापरला जातो. खऱ्या शॉर्टसर्किटमध्ये रोध जवळजवळ शून्य होतो, धारा शेकडो अँपिअरवर जाते आणि चांगली एमसीबी क्षणार्धात पुरवठा तोडते. सैल सांध्याचा प्रकार याच्या नेमका उलट आहे. तिथे रोध वाढलेला असतो आणि धारा थोडी घटलेलीच असते.

या सगळ्यात पैशांचाही एक भाग आहे. मीटरच्या अलीकडे, म्हणजे खांबापासून मीटरपर्यंतच्या तारेत वाया गेलेली वीज ग्राहकाच्या बिलात येत नाही. दाब कमी मिळण्याचा त्रास मात्र त्यालाच होतो. मीटरच्या पलीकडे घरात जे वॅट सांध्यांत जळतात, त्यांचे पैसे तो भरतो आणि धोकाही त्याच्याच भिंतीत असतो. मीटरजवळचा दाब आणि सॉकेटजवळचा दाब एकाच वेळी, एकाच भाराखाली मोजला की बिघाड कोणत्या बाजूला आहे ते समजते. शेजारच्या घरांतील भारही दरम्यान बदलत असल्याने दोन-तीनदा वाचन घेणे शहाणपणाचे. मीटरअलीकडील सांधे वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यानेच उघडायचे असतात. घरातील काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे.

मोजताना होणारी एक नेहमीची चूक येथे सांगितली पाहिजे. क्लॅम्प मीटरच्या चिमट्यात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र धरल्या तर तो शून्य दाखवतो, कारण जाणारी आणि येणारी धारा परस्परांना छेदतात. चिमट्यात एकच तार हवी. मल्टिमीटर ओहमच्या जागी ठेवून चालू सॉकेटमध्ये घालणे हा तर मीटर जाळण्याचा आणि हात भाजून घेण्याचा मार्ग आहे.

लोकल गाडी आणि चंद्रपूरची वीज

घरातील हाच हिशेब भाईंदर स्थानकावरून धावणाऱ्या लोकल गाडीलाही लागू पडतो. मुंबईत पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली, ती १,५०० व्होल्टच्या दिष्ट धारेवर. पश्चिम मार्गावर चर्चगेट-बोरिवली हा पट्टा १९२८ साली विजेवर आला, १९३६ साली वीज विरारपर्यंत पोहोचली आणि भाईंदरही त्यात आले. पुढे अनेक दशके हीच पद्धत चालली. एखादी गाडी वेग घेताना ३ मेगावॅट शक्ती ओढते असे धरले, तर १,५०० व्होल्टवर तिला २,००० अँपिअर लागतात. तेवढीच शक्ती २५,००० व्होल्टवर १२० अँपिअरमध्ये मिळते. धारा साधारण सतरा पटींनी कमी झाली. तारेचा रोध तोच असेल तर तारेतील नुकसान त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे पावणेतीनशे पटींनी कमी होते. त्यामुळेच उपनगरी मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेवर नेण्यात आले. पश्चिम रेल्वेवर हे रूपांतर २०१२ साली पूर्ण झाले, मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर २०१६ साली.

महाराष्ट्रातील सर्वात बोलके उदाहरण चंद्रपूर-पडघे वाहिनीचे आहे. विदर्भातील कोळशावर तयार होणारी वीज मुंबईच्या बाजूला आणण्यासाठी १९९९ साली कार्यान्वित झालेली ही वाहिनी ७५२ किलोमीटर लांब असून ती १,५०० मेगावॅट वाहून नेऊ शकते. तिचा एक ध्रुव जमिनीच्या तुलनेत अधिक ५०० किलोव्होल्टवर, दुसरा उणे ५०० किलोव्होल्टवर असतो. दोहोंमधील अंतर दहा लाख व्होल्टचे. दीड अब्ज वॅटला दहा लाखांनी भागले की पूर्ण भारावर धारा निघते १,५०० अँपिअर. हीच शक्ती घरगुती २३० व्होल्टवर आणायची म्हटले तर ६५ लाख अँपिअर लागतील. ते वाहून नेणारी तार कोणी ओढू शकणार नाही.

शरीराचा रोध

भागाकाराचे हे गणित सर्वात कठोरपणे लागू पडते ते माणसाच्या शरीराला. कोरड्या त्वचेचा रोध बराच जास्त असतो. हात ओले असतील, पायाखाली ओली फरशी असेल, तर शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० भागिले १,००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरपुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. त्याच्या कित्येक पट धारा छातीतून गेली तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. ज्या धारेने नऊ वॅटचा दिवाही पुरता लागणार नाही असे वाटते, त्याच श्रेणीतील ही धारा आहे.

अर्थिंगमुळे आपण सुरक्षित आहोत असे बहुतेकांना वाटते. तेही आकड्यांत पाहावे. गीझरच्या आतील फेजची तार सुटून त्याच्या धातूच्या टाकीला चिकटली आणि घराच्या अर्थिंगचा जमिनीशी असलेला रोध ५० ओहम आहे असे समजू. जमिनीत जाणारी धारा होईल २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी याकडे ढुंकूनही पाहणार नाही. टाकी जवळजवळ २३० व्होल्टवर तशीच राहील आणि नळाला ओला हात लावणाऱ्याच्या शरीरातून वर सांगितलेली धारा जाईल. अर्थिंग होते, पण त्याचा रोध जास्त होता. गंजलेली पट्टी, उन्हाळ्यात सुकलेली जमीन, खडक यांमुळे हा रोध वाढतो. पावसाळ्यात जमीन भिजली की कमी होतो. त्यामुळे जुलैत घेतलेले समाधानकारक वाचन मे महिन्यात खरे असेलच असे नाही.

येथे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी उपयोगी पडते. बोलीभाषेत त्यालाच ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेली धारा आणि न्यूट्रलमधून परत आलेली धारा यांतील तफावत ते मोजत असते. तफावत ३० मिलिअँपिअर झाली की पुरवठा तुटतो. ५० ओहमच्या सुमार अर्थिंगवरसुद्धा ही मर्यादा ओलांडायला टाकीवर दीड व्होल्ट पुरतात. २३० व्होल्टपर्यंत वेळ येतच नाही. मात्र सैल सांध्याच्या उष्णतेपुढे आरसीसीबीही आंधळे असते, कारण तिथे जेवढी धारा जाते तेवढीच परत येते.

जिथे सूत्र जपून वापरावे

ओहमचा नियम तापमान कायम असताना लागू पडतो, ही अट अनेकदा विसरली जाते. ६० वॅटचा जुना पिवळा दिवा २३० व्होल्टवर ०.२६ अँपिअर घेतो. भागाकार केला की रोध सुमारे ८८० ओहम येतो. तोच दिवा काढून, थंड असताना मल्टिमीटरने तपासला तर साठ-सत्तर ओहमच दिसतात. मीटर बिघडलेला नाही. पेटलेल्या टंगस्टनचे तापमान अडीच हजार अंशांच्या घरात असते आणि तापलेल्या धातूचा रोध वाढतो. बटण दाबताच पहिल्या क्षणी दिवा थंड असल्याने धारा कित्येक पट जास्त वाहते. जुने दिवे बहुधा लावतानाच का ‘उडत’, याचे कारण हेच.

दुसरी अडचण प्रत्यावर्ती धारेची. गीझर, इस्त्री, रॉड यांच्या बाबतीत व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट हे बिनदिक्कत धरावे. पण ज्यात तारेची गुंडाळी आहे त्या उपकरणांत धारा दाबाच्या मागे रेंगाळते आणि सरळ गुणाकार फसवा ठरतो. चोक असलेली चाळीस वॅटची जुनी ट्यूबलाइट ०.४३ अँपिअर घेते. २३० ने गुणले तर ९९ येतात. प्रत्यक्षात चोकसह ती पन्नास-बावन्न वॅटच खर्च करते. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराला शक्तिगुणक अर्थात पॉवर फॅक्टर म्हणतात. घरगुती बिल वॅटवर, म्हणजे युनिटवर येते. तार मात्र अँपिअरने तापते. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, संगणक यांचा रोध काढण्यात तर काहीच अर्थ नाही. त्यांच्यातील इलेक्ट्रॉनिक मंडल दाबानुसार धारा बदलत राहते.

उपकरण घेताना गणित उलट दिशेने करावे लागते. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. २,००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. तेव्हा गीझरला ६ अँपिअरचे सॉकेट चालत नाही, १६ अँपिअरचेच हवे. बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डवर इस्त्री, रॉड आणि मिक्सर एकदम लावले तर तिन्हींचे अँपिअर त्या एकाच वायरमधून जातात. बोर्डला चार सॉकेट आहेत याचा अर्थ वायर चौपट जाड आहे असा नव्हे.

आणि ज्याच्याकडे कोणतेही मोजयंत्र नाही, त्याच्या घरातही एक अचूक यंत्र लावलेले असते. इलेक्ट्रॉनिक वीज मीटरवर एक लहानसा लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरच्या तोंडावरच छापलेले असते. हा आकडा ३,२०० असेल, तर एका लुकलुकण्यामागे १,१२५ ज्यूल ऊर्जा खर्च होते. दोन लुकलुकण्यांमधील सेकंद मोजून त्यांनी १,१२५ ला भागले की त्या क्षणी घरात चालू असलेले वॅट मिळतात. पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकत असेल तर ७५ वॅट, म्हणजे साधारण एक जुना पंखा. एका सेकंदात दोनदा, तर २,२५० वॅट. घरातील सर्व बटणे बंद करूनही दिवा लुकलुकतच राहिला, तर कुठले तरी उपकरण नकळत चालू आहे किंवा कुठून तरी वीज गळते आहे. अशा वेळी एकेक एमसीबी बंद करीत गेल्यास कोणत्या फांदीवर हा भार आहे, ते दहा मिनिटांत सापडते.